उजव्या हाताचं बोलणं

कारकुनाने अर्ज उलटा करून पाहिला, मागे काहीच लिहिलेलं नाही म्हटल्यावर पुन्हा सुलटा केला. ‘कारण’ या रकान्यात दोनच शब्द होते : बहिणीशी बोलणे.

“बोलायचंच असेल तर फोन चालू आहेत, बाई. बंद आहे ते इंटरनेट.”

टेबलापलीकडची शिवणकाम करणारी बाई नुसती त्याच्या ओठांकडे पाहत राहिली. उत्तर तिच्या मुलीने दिलं.

“आईला ऐकू येत नाही, काका. मावशीलाही नाही. दोघी हातांनी बोलतात. ते दिसावं लागतं.”

शहरातलं इंटरनेट बंद होऊन एकोणीस दिवस झाले होते. आधी दंगा, मग आदेश, मग आदेशाला मुदतवाढ. या खोलीतला एक संगणक तेवढा जोडलेला होता. जीवनावश्यक कामांसाठी, प्रत्येकी दहा मिनिटं. जीवनावश्यक काय, हे कारकुनाने ठरवायचं होतं, आणि एकोणीस दिवसांत त्याच्या पेनाचं टोपण चावून चावून चपटं झालं होतं.

“मग लिहून पाठवा. मेसेज जातात.”

“लिहायला कोणी शिकवलंच नाही त्यांना. खुणा त्यांनी लहानपणी घरातच जुळवल्या. मलासुद्धा निम्म्याच कळतात.”

“अहो, बोलताच येत नाही तर दहा मिनिटं कशाला हवीत?” रांगेतून एक जण ओरडला. कुणीतरी हसलं.

मुलगी गर्रकन वळली. “तुम्हाला येतं ना बोलता? मग लावा की फोन. आम्ही कुठे अडवलंय?”

कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं. दहा चाळीस. “उद्या या.”

“मावशी परगावी दवाखान्यात आहे, मनगटात वाईट गाठ. अकराला ऑपरेशन. उजवा हात काढणार आहेत.” मुलीने घड्याळाकडे बोट दाखवलं. “उद्या ती अर्धीच बोलेल, काका.”

पेन कागदावर टेकलं, उचललं गेलं, पुन्हा टेकलं. मग त्याने खुर्ची सरकवून दिली.

पडद्यावर रुग्णालयातली खाट उजळली आणि खाटेवरच्या बाईचे दोन्ही हात एकदम उडाले, दार उघडताच पाखरं उडावीत तसे. शिवणवालीचेही उडाले. प्रत्येक संभाषणावर लक्ष ठेवायचं, असा नियम होता. कारकून आजवर ते पाठमोरं बसून, कानांनी करत आला होता. आज वळून बसावं लागलं. मध्येच चित्र गोठलं तेव्हा शिवणवालीची बोटं हवेत अर्ध्या शब्दावर अडकून राहिली, आणि त्याच्या लक्षात आलं की आपणही श्वास रोखून धरलाय.

“काय चाललंय त्यांचं?” त्याने हळूच विचारलं.

“भांडण. लहानपणी कात्री कुणी हरवली, त्यावरून.”

“आत्ता?”

“मग कधी?”

खाटेवरची बाई उजव्या हाताने काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होती : चिमूट, मग उघडणारी बोटं, मग छाती. शिवणवाली प्रत्येक वेळी मान डोलवत होती, जणू पाठ करून घेत होती. हे काय, असं कारकुनाने नजरेनेच विचारलं. मुलीने खांदे उडवले. हे तिच्या निम्म्यात नव्हतं.

पडद्याच्या कडेला नर्सचा पांढरा खांदा येऊन उभा राहिला. दहा मिनिटं सरली होती. रांग चुळबुळू लागली.

“वेळ संपली,” कारकून म्हणाला. सवयीने जरा मोठ्यानेच.

रांगेतले सगळे त्याच्याकडे पाहू लागले. ज्यांना सांगायचं त्या दोघींपैकी कुणीही वळलं नाही. त्याचे कान तापले. काय करावं ते न सुचून तो पुढे वाकला आणि त्याने कॅमेऱ्यासमोर उघडा पंजा धरला.

पडद्यावरचे हात खाली आले. खाटेवरच्या बाईने त्या पंजाकडे निरखून पाहिलं, नर्सकडे वळून मानेने नकार दिला, आणि उशी पाठीशी नीट घेतली.

“काय झालं?” कारकुनाने विचारलं. “मी काय म्हणालो?”

“थांब म्हणालात,” मुलगी म्हणाली. “मावशी म्हणते, थांबते.”

मागून पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. कारकुनाने आपला हात खाली घेतला, अगदी सावकाश; न जाणो, त्यातूनही काही बोललं जायचं.