चार जबड्यांचा चक आणि उरलेला एकच बुश

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, आहेत ते नुसते चार जबडे, आणि तेही खाण्यासाठी नाहीत. मी लेथचा एक जुना चक आहे. लेथ म्हणजे धातू गरागरा फिरवून त्याला आकार देणारं यंत्र. तो धातू फिरत असताना धरून ठेवायचा, हलू द्यायचा नाही, हे माझं काम. भगवंताने प्रत्येकाला काही ना काही धरायला दिलं आहे. मला हे दिलं.

माझा देह बिडाचा. मला भट्टीत वितळवलं, वाळूच्या साच्यात ओतलं, मग खरवडून खरवडून चार खाचा कोरल्या. दुखलं का, असं विचाराल तर खरंच आठवत नाही. पण ज्याच्या हाती आपण असतो त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, हा विश्वास तेव्हा बसला तो बसलाच.

आमच्या वर्कशॉपमध्ये माझा एक धाकटा भाऊ आहे, तीन जबड्यांचा. त्याची चावी एकदा फिरवली की तिन्ही जबडे एकदम आत येतात. एका हाकेत सगळं घर गोळा. माझ्याकडे मात्र चौघांच्या चार चुली. प्रत्येक जबड्यापाशी जाऊन चावी लावावी लागते, एकाला पुढे घ्यायचं तर समोरच्याला आधी मागे सारावं लागतं. त्यात वेळ जातो, पण वेडावाकडा तुकडाही मी बरोबर मधोमध धरू शकतो.

वर्कशॉपचे मालक मिस्त्री, त्यांनी माझ्याकडून वर्षानुवर्षं काम घेतलं. तोंडाने देवाचं नाव गुणगुणत ते माझे जबडे एकेक करून जुळवायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, "हा आमचा शहाणा." मग जो तो घाईत आला. संध्याकाळपर्यंत द्या, दुपारपर्यंत द्या. भाऊ लेथवर बसला तो उतरलाच नाही आणि मी टेबलाखाली गेलो. माझ्या अंगावर रंगाचे डबे ठेवले गेले. एक डबा गळायचा. सहा वर्षं मी अर्धा हिरवा होतो.

आता ऐका, मी बाहेर कसा आलो ते.

मिस्त्री बाथरूममध्ये घसरले आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. मुलगा दूर नोकरीला. घरात उरली सूनबाई. ती शिलाईचं काम करायची, बाहीला सुरकुती पडली तर पूर्ण उसवून पुन्हा शिवणारी. तिनेच म्हटलं, "बाबा, तुम्ही बसून सांगा, मी करते." तीन आठवडे ती लेथ शिकत होती. पहिला धडा एकच: चावी चकमध्ये विसरायची नाही. यंत्र सुरू झालं की विसरलेली चावी गोळीसारखी सुटते.

अशात एका सकाळी लिफ्टवाला मेकॅनिक आला. त्याने टेबलावर गनमेटलचे, म्हणजे तांब्या-कथिलाच्या मिश्रधातूचे, दोन ओबडधोबड तुकडे ठेवले. त्यांचे बुश करायचे होते. बुश म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणारी बांगडी. बसवायचा एकच होता, दुसरा तुकडा आपला जोडीला.

"वृद्धाश्रमाची लिफ्ट आठ दिवस बंद आहे, मिस्त्री," तो म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावर अकरा जण अडकलेत. एका आजींना उद्या डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचंय. चौघांनी खुर्चीसकट उचलून नेतो म्हटलं, तर म्हणतात, मी काय कपाट आहे का?"

"बरोबरच आहे त्यांचं," मिस्त्री म्हणाले. "जिना केवढा?"

"दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं, एवढा. उद्या सकाळी बुश हवा. हे दोन्ही वाया गेले तर नवे ओतून यायला पंधरा दिवस. ऑपरेशनची तारीख मग कधी मिळेल, देव जाणे."

दांड्याचा एक तुकडा मापासाठी ठेवून तो गेला.

सूनबाईने पहिला तुकडा भावाच्या तीन जबड्यांत धरला. तुकडा निसटेल या भीतीने तिने चावीत पाइप घालून सगळा जोर लावला. बाहेरून कातलं, आतून भोक मोठं केलं, मोजलं. अगदी बरोबर. तिचा चेहरा उजळला. पण चक सैल करून बुश हातात घेतला, तर दांडा आत जाईना. इकडून जाईना, तिकडून जाईना.

"माझं मोजायचं चुकलं," ती म्हणाली.

मिस्त्रींनी डाव्या हाताने बुश उजेडाकडे धरून फिरवला. "मोजणं बरोबर होतं गं. धरलेला होता तोवर तो गोलच होता. तू त्याला आवळून तीन ठिकाणी दाबलंस, दाबलेला असताना गोल कातलास. सोडल्यावर त्याने अंग मोकळं केलं. आता बघ, तीन कोपरे आलेत."

ती स्टुलावर बसली. बुशावरून बोट फिरवत ती म्हणाली, "बाबा, कापड ताणून शिवलं तर असंच होतं. सुईखाली सरळ दिसतं, हात काढला की चुण्या."

मिस्त्री हसले. "मग मी तीन आठवडे काय शिकवत बसलोय? तुला येतंय की सगळं."

"येत असतं तर तुकडा वाया गेला असता का? आणि उरलेला तर एका बाजूने फुगलाय. याला तिघांत मधोमध धरणार कसं?"

"तिघांत नाहीच धरायचा. टेबलाखाली बघ. रंगाचे डबे सरकव."

मित्रांनो, सहा वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. तिने मला रॉकेलने धुतलं, खाचांतला कीस ब्रशने काढला, जबड्यांना तेल दिलं. मिस्त्री म्हणाले, "याचं वजन बघ, पायावर घेशील." तिने भावाला उतरवून लेथवर आडवी फळी टाकली, मला तिच्यावर ठेवलं आणि सरकवत जागेवर बसवलं.

आधी फुगलेला तुकडा मधोमध आणायचा होता. यंत्र बंद ठेवून ती मला हाताने फिरवायची, खडू जवळ धरायची. जिथे खडू लागला तिथे तुकडा बाहेर आलेला. समोरचा जबडा थोडा सैल, इकडचा थोडा पुढे. पुन्हा खडू. पहिली बाजू कातून झाली. मग तुकडा उलटा धरला, कातलेल्या अंगाला ओरखडे येऊ नयेत म्हणून जबड्यांखाली पितळी पट्ट्या ठेवल्या, आणि खडूच्या जागी डायल आली. तिचा काटा केसाहून बारीक फरकालाही हलतो.

काटा नाचत होता. पुढे, मागे, पुढे.

"हा काही ऐकत नाही," ती म्हणाली.

"तू एकेका जबड्याला वेगळं रागावतेस. समोरासमोरच्या जोडीला एकत्र समजाव."

हळूहळू काट्याचं नाचणं कमी झालं. आतलं भोक जवळजवळ मापाला आलं, भिंत पातळ झाली. शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. तेव्हा सूनबाईने यंत्र थांबवलं आणि, कुणी न सांगता, माझे चारही जबडे तिने किंचित सैल केले.

मिस्त्री ताठ बसले. "सुटेल बरं का."

"सुटणार नाही, बाबा. अगदी थोडंसंच कातायचंय, त्याला एवढी पकड पुरे."

तिने डायल पुन्हा लावून पाहिली, चावी खुंटीला अडकवली आणि यंत्र सुरू केलं. मी खरं सांगतो, मलाही धास्ती होती. त्याला दाबायचं नव्हतं, सोडायचंही नव्हतं. मी मनातल्या मनात नामस्मरण करत धरून राहिलो. गनमेटलचा बारीक सोनेरी भुसा पडत राहिला.

बुश निघाला. दांडा मिस्त्रींच्या डाव्या हातात होता. त्यांनी तो बुशाच्या तोंडाशी ठेवला आणि तो सरकत आत गेला, ना खडखडला, ना अडला. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि प्लास्टरचा हात छातीला लावला. सूनबाई मात्र बुश फिरवून फिरवून पुन्हा मोजत होती.

"पुरे गं," ते म्हणाले. "आता तो गोल झालाय, त्याला चक्कर आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी उजाडताच लिफ्टवाला बुश घेऊन गेला आणि दहाच्या सुमाराला त्याचा फोन आला. सूनबाईने तो आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"लिफ्ट चालली. आजी खाली आल्या. गाडी दारात उभी आहे, पण त्या अंगणातल्या बाकावर बसल्यात. म्हणतात, आठ दिवसांनी ऊन लागतंय, ऑपरेशन काय, अर्ध्या तासाने करा. आणि विचारतायत, हे ज्या बाईने केलं तिला ब्लाउज शिवता येतो का."

सूनबाई इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. एवढं हलकं हसू त्या खोलीत मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, एवढंच मागतो. तुमच्या घरी, शाळेत, कुठेही एखादं जुनं अवजार पडलं असेल तर त्याला पुसा, तेलाचे दोन थेंब द्या, त्याच्यावर गळका डबा ठेवू नका. आणि काही धरायची वेळ आली, धाकट्या भावाचा हात का असेना, तर मध्ये थोडं थांबून बघा, आपण त्याला सांभाळतोय की नुसतं आवळतोय. सूनबाईने तसं थांबून पाहिलं, म्हणून आजी उन्हात बसल्या.