उस्तादांचा अंगठा

वाऱ्याने छपराचा पत्रा उडाला काय, अंगणात आदळला काय आणि ठमी बिथरून थेट लोखंडी फाटकात घुसली काय, सगळं मिनिटाभरात उरकलं. काकू साबणाच्या हातानेच बाहेर धावल्या. घोडी फाटकापाशी थरथरत उभी होती, छातीची कातडी फाटून खाली लोंबत होती आणि आतलं लाल मांस उघडं पडलं होतं. रक्त पुढच्या पायांवरून खुरांपर्यंत ओघळत होतं. शेजारचा सुतार हातातल्या रंध्यासकट धावत आला, एक नजर टाकली आणि भिंतीला टेकला.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. आई गेलेल्या या शिंगराला त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. पोटच्या दोन मुलींनी मिळून दिला नसेल एवढा त्रास या एका घोडीने दिला होता आणि काकूंचा सगळ्यात जास्त जीव तिच्यावरच होता. त्यांनी दोर धरला, घोडीच्या कपाळाला कपाळ लावलं आणि सुताराला डॉक्टरांना फोन करायला पिटाळलं.

तोवर त्यांचे यजमान आले. ते नालबंद. तीस वर्षं घोड्यांचे पाय मांडीवर घेऊन नाल ठोकलेले, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत. कुणाचा घोडा जखमी झाला की मालक डॉक्टरच्या आधी उस्तादांना विचारायचा आणि उस्तादांचं उत्तर ठरलेलं असायचं. ‘सांधा उघडला की घोडा संपला. छळू नका त्याला, सोडा.’ एवढं ऐकवून ते पुढच्या घोड्याच्या खुराला कानस लावायला मोकळे. लोक रडत घरी जायचे, पण त्यांचा शब्द मोडायचे नाहीत. आज मात्र उस्ताद खाली बसून ठमीच्या पायावरचं रक्त ओल्या फडक्याने पुसत राहिले.

अर्ध्या तासात डॉक्टरीणबाईंची जीप आली. दहा वर्षांपूर्वी ही मुलगी याच अंगणात घोड्याचा पाय उचलायला शिकली होती. तिने हातमोजे चढवले, जखमेत मनगटापर्यंत हात घातला, इकडेतिकडे चाचपलं आणि चक्क हसली.

“काकू, दिसायला भयंकर आहे, पण आत काहीच गेलेलं नाही. छातीचं मांस भरून येतं. दोन महिन्यांनी खूण शोधावी लागेल तुम्हाला.”

काकूंचा जीव भांड्यात पडला. सुताराने रंधा प्रथमच खाली ठेवला. गुंगीचं इंजेक्शन दिलं तशी ठमीची मान खाली आली आणि डॉक्टरीणबाई टाके घालायला बसल्या. घोडं मध्येच हलू नये म्हणून अशा वेळी एक पुढचा पाय उचलून धरावा लागतो. कुणी सांगायच्या आत उस्तादांनी उजवा पाय उचलून धरलासुद्धा.

पाच टाके झाले, दहा झाले. काकू तोंडाशी दोर धरून उभ्या होत्या आणि त्यांना काहीतरी खटकत होतं. उस्ताद पाय नेहमी खुराशी धरायचे, तळहातावर, लोण्याचा गोळा धरावा तसा. आज त्यांनी खुराच्या वरचा सांधा दोन्ही हातांनी आवळला होता. घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायलाही हात सोडत नव्हते. सुतार म्हणाला, “उस्ताद, द्या इकडे, पाठ धरेल तुमची.” ते नुसतं “नको” म्हणाले. एरवी झोपेतही बडबडणारा माणूस वीस टाके होईपर्यंत एका शब्दापलीकडे गेला नव्हता. आणि त्यांचा उजवा अंगठा एकाच जागी रुतून बसला होता.

काकूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या अंगठ्याखाली, थेट सांध्यावर, भोक होतं.

बोलावं तर डॉक्टरीणबाई सांधा बघणार आणि उस्तादांनीच घालून दिलेला न्याय ठमीला लागणार, तोही आजच, या अंगणात. न बोलावं तर छातीचे टाके छान भरतील आणि आठवड्याभरात सांधा आतून सडेल. असा घोडा काकूंनी एकदा पाहिला होता. तो ओरडत नाही, नुसता पाय वर धरून घामाने भिजत राहतो. या म्हाताऱ्याला हे ठाऊक नव्हतं थोडंच? सगळं ठाऊक होतं. जगाला सांगितलेलं शहाणपण स्वतःच्या दारात आल्यावर त्याला ते बघवत नव्हतं, एवढंच. काकूंना त्याचा संताप आला आणि त्याहून जास्त दया आली.

“अहो,” त्या म्हणाल्या, “अंगठा काढा.”

“टाके होऊ देत.”

“आधी काढा.”

उस्तादांनी काकूंकडे पाहिलं. मग अंगठा काढला. मसुराच्या दाण्याएवढं भोक होतं. रक्त नव्हतं, पण एक पिवळसर, चिकट थेंब बाहेर आला आणि खाली ओघळला. डॉक्टरीणबाईंचा हात हवेतच थांबला.

“हे कधी बघितलंत?”

“रक्त पुसताना.”

“आणि दाबून धरलंत?”

“दिसलं असतं तर तू तेच म्हणाली असतीस,” उस्ताद म्हणाले, “जे मी तुला शिकवलं.”

“ते मी केव्हाच सोडलं, उस्ताद. तुम्ही ऐकून घेत नाही म्हणून तुम्हाला सांगायचंही सोडलं. काका, ती लांब सुई द्या.” हे सुताराला. सुतार आता सुताराचा कंपाउंडर झाला होता.

बाईंनी भोकाच्या बरोबर उलट्या बाजूने सांध्यात सुई घातली आणि औषधाचं पाणी हळूहळू आत सोडायला लागल्या. सांधा उघडलेला नसेल तर पाणी आत राहणार. उघडला असेल तर भोकातून बाहेर येणार. चौघांचे डोळे त्या मसुराएवढ्या जागेवर खिळले. काही आलं नाही. आणखी थोडं पाणी गेलं, तरी काही नाही. काकूंना वाटलं, सुटलो. तेवढ्यात भोकातून बारीक धार उडाली आणि उस्तादांच्या सदऱ्यावर पडली.

“उघडलाय,” बाई उठत म्हणाल्या. “किती वाजता लागलं? दहाला ना? दोन तास झाले. आत्ता भूल देऊन सांधा धुतला तर असे दहातले सहा घोडे चालतात. संध्याकाळी धुतला तर नाही.”

“सहा?” उस्ताद म्हणाले. “मी लोकांना शून्य सांगत आलो.”

बाई जीपकडे निघाल्या होत्या, त्या परत वळल्या.

“पण आधी ठरवा, कुठवर जायचं. एकदा सुरू केलं की माणूस अजून एकदा, अजून एकदा करत राहतो. मीही करते.”

“लागेल तिथवर,” उस्ताद म्हणाले.

“नाही,” काकू म्हणाल्या. आवाज स्वतःचाच आहे का, असं त्यांना क्षणभर वाटलं. “आज धुवायचं आणि परवा एकदा. पाचव्या दिवशी दुपारपर्यंत तिने या पायावर भार टाकला तर पुढे. नाही तर तिथे थांबायचं. त्याच्यापुढे चांगला पाय एकटा तग धरत नाही, त्याचं खूर आतून सुटायला लागतं. हे मला यांनीच शिकवलंय. आणि त्या दिवशी यांचं कुणी ऐकायचं नाही. मी सांगेन तसं.”

मग एकच धांदल उडाली. घरातल्या चारही गाद्या अंगणात आल्या. पाण्याच्या पिशव्या कपडे वाळत घालायच्या तारेवर लटकल्या. भूल चढली तशी ठमी गुडघ्यांवर आली, उस्तादांनी शेपटीला धरून तिला अलगद गाद्यांवर आडवं केलं. एका बाजूने पाणी आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. सहा पिशव्या संपल्या. बाईंच्या कपाळावरचा घाम काकू पदराने टिपत होत्या आणि सुतार मोठ्याने मिनिटं मोजत होता. शेवटी छातीचे उरलेले टाके घातले आणि सांध्याला जाड पट्टी बांधली. आता तिने नीट उठायला हवं होतं. वेडीवाकडी उठली तर पाय मोडणार. पहिल्यांदा ती अर्धी उठून कोसळली. काकूंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा घोडी तीन पायांवर झोकांड्या खात उभी होती आणि सुतार टाळ्या पिटत होता.

एक दिवस सोडून सांधा पुन्हा धुतला. तिसरा दिवस गेला, चौथा गेला. ठमी पट्टीतल्या पायाचं नुसतं टोक टेकवायची, जमीन तापली असावी तसं. उस्ताद तबेल्यातच मुक्कामाला होते. जेवण ताटात निवून जायचं.

पाचव्या दिवशी सकाळी अकराला जीप आली. बाईंच्या हातात आज दोन पिशव्या होत्या, दुसरीत कायमच्या झोपेचं इंजेक्शन. एकीतून सुई काढून त्यांनी सांध्यातलं पाणी काढून पाहिलं. ते स्वच्छ होतं. पण पायाचं टोकच टेकत होतं. बाईंनी चांगल्या पायाच्या खुराला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. “गरम व्हायला लागलंय,” त्या म्हणाल्या. “आता आणखी वाट बघता येणार नाही, काकू.”

“दुसरी पिशवी उघड,” उस्ताद म्हणाले. आता ते उघड उघड रडत होते. “ठरलंय तसं होऊ दे.”

बाईंनी काकूंकडे पाहिलं. शब्द काकूंचा होता आणि तो त्यांच्या तोंडातून फुटेना.

“सकाळपासून तिला कुणी खायला घातलेलं नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “उपाशी नाही पाठवायची मी तिला.”

त्या आत जाऊन बादलीत भिजवलेले ओट घेऊन आल्या. बादलीच्या कडीचा आवाज ऐकून ठमीने कान टवकारले. काकू दारातच थबकल्या, पुढे जायला पाय उचलेना. ठमीने मान पुढे काढली, फुरफुरली, उशिराचा राग आला तिला, आणि तिने जमिनीवर पाय आपटला.

डावा. चांगला पाय.

बाईंच्या तोंडाचा आ झाला. चांगला पाय हवेत असताना घोडी उभी कशावर होती, हे तिघांना एकदमच कळलं. उस्तादांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण काकूंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. ओटांवर नजर लावून ठमी मान ताणत होती. काकूंनी बादली पुढे केली नाही. उलट पदराआड धरली आणि एक पाऊल मागे घेतलं.

“दे ना तिला,” उस्ताद कुजबुजले.

“थांबा हो,” काकू म्हणाल्या. “अजून एकदा बघू दे.”

ठमीने भडकून तोच डावा पाय आपटला. मग पुन्हा आपटला.