जांभळीखालचा गूळ

आमच्या ह्यांचा स्वभाव असा, की हातावर मुंगी चढली तर तिला फुंकर मारून खाली उतरवतील, आणि बायको जिना चढून दमली तर मान वर करून बघणार नाहीत. बापूसो अडत्या म्हटलं की कोल्हापूरच्या गूळबाजारात लोक हात जोडायचे. घरात ती पाळी माझ्यावर यायची.

ब्याण्णव साली महावीर जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्यांदा दाजीपूरच्या अभयारण्यात गेलो. वाट दाखवायला आकाराम नावाचा वनमजूर बरोबर होता, जंगलखात्यात रोजंदारीवर काम करणारा. त्याने आम्हाला वर सड्यावर, उघड्या कातळावर नेलं आणि एका झुडपाआड बसवलं. तासाभराने गवा आला. काळाभोर, चारी पायांत पांढरे मोजे, खांदा माझ्या डोक्याच्या वर. एवढा देखणा जीव मी जन्मात बघितला नव्हता. तो खाली मान घालून माती चाटत होता.

"उन्हाळ्यात चारा ऱ्हात न्हाय, आण्णा. खारट माती चाटत फिरत्यात बिचारी," आकाराम हळूच म्हणाला.

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्याच रविवारी दुकानाच्या मॅटाडोरमधून पोतंभर गूळ आणि मीठ निघालं. खराब झालेला गूळ नव्हे हं, चांगला पिवळाधमक, विकायचा गूळ. आकारामने डोकं खाजवलं.

"साहेबास्नी कळलं तर माझं काम जाईल, आण्णा."

"अरे, जीवदया हाय ही. पाप करतोय व्हय आपण?"

रोजंदारीवरचा माणूस, तो काय नाही म्हणणार? पण एक अट मात्र त्याने घातली. गूळ ठेवायचा तो वर सड्यावरच, त्याच्या वाडीच्या बाजूला कधीच नाही. गोडाची चटक लागली की जनावर ती वाट सोडत नाही, म्हणाला. मग नऊ उन्हाळे तो ते पोतं पाठीवर टाकून वर चढायचा, मागोमाग आम्ही. गवा आला की हे हात जोडायचे. आमच्या समाजात कुणी तीर्थाला जाऊन आलं की हे दाजीपूरचं सांगायचे. मलाही अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

दोन हजार एक साली माझ्या गुडघ्यांनी दगा दिला. एप्रिलातला एक रविवार होता, आकाराम पाहुण्यांच्या लग्नाला गेला होता. पायवाटेला एक जुनी जांभळ आहे, तिथे मी बसकण मारली.

"मी काय वर येत न्हाय. हितंच ठेवा की जांभळीखाली. मला बी गवा बघायचा हाय."

"वाडीची वाट हाय ही. आकाराम नको म्हणतोय न्हवं?"

"आकाराम काय जंगलाचा मालक हाय व्हय?"

ह्यांनी पोतं खाली उतरवलं. गूळ ठेवला, आम्ही लांब गाडीत जाऊन बसलो, आणि अर्ध्या तासात गवा हजर! मी लहान पोरीसारखी टाळ्या पिटायची तेवढी राहिले होते. पुढचे चार रविवार आम्ही तेच केलं. आकारामला पोतं घेऊन वर पाठवायचं आणि त्याची पाठ वळली की जांभळीखाली गुळाचे चार मोठे खडे ठेवायचे; गवा दिसो न दिसो, तो खाली यायच्या आत निघायचं. पिकल्या केसांची दोन माणसं, चोरासारखी इकडेतिकडे बघत पुण्य करत होती.

मे महिन्यात आकारामचा घरी फोन आला. एस्टीडी बूथवरून बोलत होता, धाप लागलेली.

"आण्णा, कारभारणीला गव्यानं उडवली. लाकडं आणाय गेलती. जांभळीखाली झालं बघा. जनावर हिकडं कसं आलं, कायच कळंना."

ह्यांनी फोन ठेवला आणि तिथेच खाली फरशीवर बसले.

त्याच्या बायकोचं नाव धोंडुबाई. शिंग मांडीतून आरपार गेलं होतं, खुबा मोडला होता. दोन महिने ती सरकारी दवाखान्यात होती. आम्ही तीनदा मोसंबी घेऊन गेलो आणि खाटेशेजारी उभं राहून परत आलो. प्रत्येक वेळी हे तोंड उघडायला जायचे आणि मी मध्ये काहीतरी बोलायची.

"सांगून तिचा पाय परत येणार हाय का?" मी घरी आल्यावर म्हणायची. "बस्तीच्या देवळात लोक तोंडात श्याण घालतील. नाव हाय आपलं."

"हिंसा झाली माझ्या हातनं."

"तुमच्या न्हाय. गव्याच्या."

ह्यांनी गोड सोडलं. मग एक वेळचं जेवण सोडलं. गुळाचा वास सहन होईना म्हणून दुकानात जायचे बंद झाले. मला राग यायचा, भयंकर राग. कारण जागा मी दाखवली होती, आणि हा माणूस एकदाही "तुझ्यामुळं झालं" असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी कडाकडा भांडले असते आणि मोकळी झाले असते.

भाद्रपदात आम्हा जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी आम्ही एकमेकांना हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणतो. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा, असा त्याचा अर्थ. समोरचाही हात जोडतो, मिटलं. दुसऱ्या दिवसापासून जावा-जावांची भांडणं पुन्हा सुरू. हे सकाळीच टोपी घालून तयार झाले.

"धोंडुबाईकडं जाऊन येतो."

"मी बी येतो," मी म्हणाले. ह्यांना सोबत म्हणून नव्हे, ह्यांच्या तोंडाला कुलूप म्हणून निघाले होते.

पाऊस ओसरला होता. अभयारण्य अजून उघडलं नव्हतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडी खाली ठेवून वाडीपर्यंत चालत गेलो. गुडघे बोंबलत होते, मी त्यांचं नाव काढलं नाही. आकाराम कामावर गेला होता. धोंडुबाई दारात सुपात तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला बघून तिने हातांवर जोर देऊन स्वतःला बाजूला सरकवलं आणि बसायला जागा केली. ते सरकणं मला बघवलं नाही.

ह्यांनी हात जोडले. "धोंडुबाई, उत्तम क्षमा."

"तुमचा सण व्हय आण्णा? केली की क्षमा," ती हसून म्हणाली. "बसा, च्या ठेवाय सांगतो पोरीला."

सुटलो, मला वाटलं. मागितली, मिळाली, झालं. मी ह्यांची बाही ओढली. पण हे तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसले.

"तशी न्हाय. आधी ऐक. जांभळीखाली गूळ मी ठेवलता. आकारामच्या चोरून. त्यानं गवा वाटंवर आला."

मी ठेवलता, म्हणाले. माझं नाव नाही घेतलं. आणि मी, जिची जीभ कधी आत राहत नाही ती मी, गप्प उभी राहिले.

धोंडुबाईचा सुपातला हात थांबला. 

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुमी गेला की मी जायचो तितं. निम्मा गव्याला ठेवायचो, निम्मा पदरात घ्यायचो. पोरीस्नी च्यात घालाय. लाकडं-बिकडं काय न्हवतं, आण्णा. त्या दिशी मला उशीर झाला. गवा आधीच खात हुता. मी काठी उगारली त्येच्यावर. त्येच्या तोंडचा घास वडाय गेलतो मी."

 नऊ वर्षं ह्या बाईच्या दारावरून आम्ही गुळाची पोती वर नेली होती, तिच्याच नवऱ्याच्या पाठीवरून. दारात एक खडा कधी ठेवावासा वाटला नाही. तिचा चहा नेहमी अगोड असायचा, आणि गाडीत बसल्यावर मी म्हणायची, हिच्या हाताला चवच नाही. गव्याची भूक आम्हाला दिसली होती. लाज वाटली मला, अशी लाज की कुठे तोंड लपवू कळेना.

तिने सूप खाली ठेवलं आणि माझं मनगट धरलं.

"आक्का, धर्माचा गूळ चोरला म्हणून मला ही शिक्षा झाली. माझ्या मालकास्नी अजून म्हाईत न्हाय. सांगू नगासा. आज तुमचा माफीचा सण हाय न्हवं? मला क्षमा केली म्हणा."

"अगं बाई, जागा मी दाखवली. माझे गुडघे..." मला रडू फुटलं. "मी सांगितलं ह्यांना तितं ठेवाय. हे न्हाय. मी."

"ते ऱ्हाऊ द्या. केली म्हणा."

"तू कशाला मागतीस? मागायची आम्ही!"

"म्हणा की, आक्का. चार म्हैनं झालं, जिवाला घोर लागलाय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते अजून मातीतच हात जोडून बसले होते. तिची पकड घट्ट होती, उभ्या जन्माची लाकडं तोडलेला हात.

"केली," मी म्हणाले.

तेव्हा कुठे तिने माझा हात सोडला.