सव्वीस मिनिटांची फायनल

कारखान्याच्या टेनिस फायनलचा पहिला चेंडू ज्योतीरामने दिला तो नमस्कार घातल्यासारखा. अलगद, कमरेच्या उंचीवर, साहेबांच्या उजव्या हाताला. शेंबडं पोरही परतवेल असा. वर्क्स मॅनेजर बापटसाहेबांनी रॅकेट फिरवली आणि चेंडू जाळीत गेला.

"फिफ्टीन-लव्ह!" अंपायरच्या उंच खुर्चीवरून टाइम ऑफिसचे आबाजी ओरडले.

असू दे, ज्योतीराम मनाशी म्हणाला. साहेबांचा हात अजून बसला नसेल.

हरायचं कसं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याचा बाप चिमाजी पुण्याला कॅम्पातल्या जिमखान्यात तीस वर्षं मार्कर होता. मार्कर म्हणजे साहेबलोकांशी खेळायला पगारी ठेवलेला माणूस. चेंडू असा द्यायचा की साहेबांचा फटका बसलाच पाहिजे. त्यांना घाम फोडायचा, जरा घाबरवायचं, आणि शेवटी जिंकू द्यायचं. "येड्या, जिंकतंय कुणीबी," बाप म्हणायचा, "बेतानं हरायला अक्कल लागती."

ती अक्कल आज हवी होती. ज्योतीराम फिटर होता, पण टेंपररी. पिंपरीच्या या औषधांच्या कारखान्यात कायम होणाऱ्यांची यादी उद्या सोमवारी लागणार होती, आणि सही बापटसाहेबांची. कायम झाला की कॉलनीत क्वार्टर, घरात नळ. चिंचवड गावठाणातल्या भाड्याच्या खोलीत त्याची बायको इंदू सातव्या महिन्यातही आडाचं पाणी ओढत होती. म्हणून कालच त्याने ठरवून टाकलं होतं: सहा-चार, चार-सहा, सहा-चार असं हरायचं.

पण साहेबांचा एकही चेंडू जाळी ओलांडेना! परवा सेमीफायनलला याच माणसाने समोरच्याला पळवून पळवून दमवलं होतं. ज्योतीरामने चेंडू आणखी हळू दिला. जाळीत. आणखी जवळ दिला. पुन्हा जाळीत. एकदा त्याने दोन्ही सर्व्हिस मुद्दाम बाहेर मारल्या, तेव्हा साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुन्हा धीर झाला नाही. साहेबांची सर्व्हिस आली तर तीही बाहेरच. तो हरायला बघत होता आणि साहेब त्याच्यापेक्षा भराभर हरत होते.

पहिला सेट सहा-शून्य. ज्योतीरामने पँटला हात पुसले, पुन्हा पुसले. तळव्यांचा घाम काही थांबेना. बाकांवरचे कामगार आधी टाळ्या पिटत होते, मग कुजबुजू लागले. आता कसं होणार, एवढं एकच त्याच्या डोक्यात फिरत होतं. तेवढ्यात दुसराही सेट सहा-शून्य झाला.

"गेम, सेट, मॅच! ज्योतीराम!" आबाजींनी घड्याळ पाहिलं, कानाला लावलं, पुन्हा पाहिलं. "सव्वीस मिनिटं! विलायतेत एकदा सदतीस मिनिटांत फायनल संपली होती म्हणतात. आपण तर कडी केली राव!"

कोर्टाची देखभाल करणाऱ्या सोपानरावांनी कपाळावर हात मारला. "म्हैनाभर शेणानं सारवलं, रूळ फिरवला, आन् ह्यांनी अर्ध्या तासात उरकलं! आमची म्हस बी एवढ्यात धुऊन व्हत न्हाई!"

सगळे हसले. ज्योतीराम जाळीपाशी गेला आणि मान खाली घालून हात पुढे केला. साहेबांनी तो धरला, पण सोडला नाही.

"चिमाजी मार्करचा तू कोण?"

"मुलगा, साहेब."

"वाटलंच. चार वर्षं मी त्यांच्याशी खेळलो. रोज जिंकायचो. वाटायचं, आपल्यासारखा खेळाडू नाही. मग मुंबईला स्पर्धेत उतरलो, तर पहिल्याच फेरीत अर्ध्या तासात घरी." साहेबांचा आवाज चढला नव्हता. "तो चेंडू मी झोपेतही ओळखीन. आज पहिलाच तो आला. तेव्हाच ठरवलं, असला फुकटचा एकही पॉइंट घ्यायचा नाही."

"चुकलं, साहेब." ज्योतीराम म्हणाला. "पर ती यादी... घरी इंदूला सातवा म्हैना हाय..."

"यादीवर सही मी शुक्रवारीच केली. तुझं नाव चौथं आहे."

ज्योतीरामला आनंद झाला, अगदी रडू येईल इतका झाला. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ अशी लाज वाटली की कप घ्यायला टेबलापर्यंत जाववेना. साहेबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. माणसं पांगू लागली. सोपानराव पुटपुटत जाळीची दोरी सोडायला लागले. पिंपळे गुरवच्या बाजूच्या शेतांवर अजून लख्ख ऊन होतं.

"सोपानराव, जाळी राहू द्या!" ज्योतीराम ओरडला. मग साहेबांकडे वळून हळूच म्हणाला, "साहेब, दिवस मावळायला अजून तास हाय."

साहेब थांबले. त्यांनी टॉवेल खुर्चीवर ठेवला, खाली वाकून बुटाची नाडी घट्ट केली आणि आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.

ज्योतीरामने चेंडू वर फेकला. बापाने जिमखान्यात तीस वर्षांत एकदाही मारली नसेल अशी सर्व्हिस त्याने मारली. चेंडू रेषेच्या आत टप्पा खाऊन साहेबांच्या रॅकेटपासून हातभर लांबून सण्णकन गेला आणि मागच्या कुंपणावर आदळला.

आबाजी केव्हाच खुर्चीवरून उतरले होते.

"फिफ्टीन-लव्ह," साहेब स्वतःच म्हणाले, आणि पुढच्या सर्व्हिससाठी दुसऱ्या बाजूला सरकले.