आबांचा घास

पडद्यावर आबांचा घास घशातून खाली उतरला आणि लगेच पुन्हा जिभेवर आला. परत उतरला, परत वर. सून पडद्याजवळ सरकली.

आबा तिचे सासरे. पक्षाघात झाल्यापासून तीन आठवडे नाकातल्या नळीवर होते. सकाळी त्यांना एक्स-रेत दिसणारं औषध कालवलेला मऊ घास भरवून गिळतानाचे एक्स-रे काढले होते. ती त्याच विभागात कॉम्प्युटर सांभाळायची. सुटी एकशेऐंशी चित्रं जोडून फिल्म करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, तिनेच काल नव्याने लिहिली होती.

"घास परत येतोय," डॉक्टर म्हणाले. "श्वासनलिकेत गेला तर पंचाईत. पोटात नळी बसवावी लागेल बहुतेक."

"घरी विचारून सांगते," ती कसंबसं म्हणाली.

नवऱ्याला फोन लावायला हात धजेना. तिने फिल्म पुन्हा लावली, एकेक चित्र थांबवत. कोपऱ्यात वेळ छापलेली होती. अर्ध्या सेकंदाच्या चित्राला लागून एकदम पाचव्या सेकंदाचं. मग पुन्हा अर्ध्याच्या आसपासचं.

तिने फोल्डर उघडलं. १, १०, १००, १०१... आणि २ कुठल्या कुठे खाली. स्क्रिप्टने नावांत साधे आकडे टाकले होते आणि कॉम्प्युटरने ते शब्दकोशातल्या शब्दांसारखे, अक्षराला अक्षर ताडून लावले होते.

तिने स्क्रिप्टमधली एकच ओळ बदलली. प्रत्येक आकडा तीन अंकी: ००१, ००२, ००३. चित्रं मुकाट रांगेत आली. घास जिभेवरून मागे सरकला, घशाशी क्षणभर रेंगाळला आणि सरळ अन्ननलिकेत गेला. तिने तीनदा पाहिलं. मग डॉक्टरांना पुन्हा बोलावलं.

"चूक माझी होती, डॉक्टर," तिने सगळं सांगितलं.

त्यांनी कोपऱ्यातली वेळ स्वतः पडताळली. "दुसऱ्या कुणाची फिल्म बनली का यातून?"

"नाही. यांचीच पहिली."

"मग नाकातली नळी काढू. मऊ खाणं द्या, चमच्या-चमच्याने, बसवून."

दुपारी तिने केळं कुस्करून पहिला चमचा भरवला. आबांनी तो तोंडात बराच वेळ घोळवला. तिची नजर त्यांच्या गळ्यावरून हलेना. गळा वर झाला, खाली आला. खोकला नाही.

"अजून देऊ?"

"कच्चं आहे," आबा जड जिभेने म्हणाले आणि तोंड उघडलं.

तिने नवऱ्याला फोन लावला. "खाताहेत," एवढंच म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.