चिमीचा वाचायचा नंबर

झरीपलीकडच्या पाड्यावर माझी शाळा होती, तेव्हा पटावर चौदा मुलं होती. बसायची मात्र वीस-बावीस, कारण मुली कडेवर भावंडं घेऊन यायच्या. आईबाप गवत कापायला गेले की तान्ह्याला सांभाळणार कोण? मी कधी नको म्हटलं नाही. लाहूची चिमी तर धाकट्या बाबल्याला मांडीवर घेऊनच ओळीवर बोट ठेवायची. चौदाच असल्यामुळे प्रत्येकाचं वाचन मला रोज ऐकता येई.

अठ्ठावन्न साली वरून हुकूम आला. वीसच्या खाली पट असेल तर शाळा बंद. मुलांनी हमरस्त्यावरच्या मोठ्या शाळेत जायचं. चौदा मुलांसाठी एक पगार परवडत नाही, असं म्हणणं होतं. हिशेब चुकीचा नव्हता, हेही खरं.

तपासणीस साहेब यायचे त्या सकाळी लाहूने पाड्यातली सगळी शेंबडी पोरं धुऊनपुसून ओळीत बसवली.

"अरे लाहू, ही तर अंगावर पिणारी मुलं!"

"तुम्ही गप ऱ्हावा बाई. तुम्हाला खोटं बोलवत नाय, ते आम्ही बोलू. सायेब डोकीच मोजणार ना? डोकी हायेत."

साहेबांनी डोकी मोजली आणि बाबल्यापुढे वाकून विचारलं, "कितवीत रे तू?" बाबल्याने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि बसल्या जागी धार सोडली.

साहेब खो खो हसले. लाहूही हसला, त्याला वाटलं, जमलं.

जमलं नव्हतं. साहेब माणूस भला. त्यांनी चिमीकडून पानभर वाचून घेतलं, तिची पाठ थोपटली. "छान शिकवता, बाई. तुमची बदलीही तिकडेच करतो, मग काय बिघडलं?"

दिवाळीनंतर आम्ही तिकडे गेलो. माझ्या वर्गात साठच्या वर मुलं. हेडमास्तरांनी बाबल्याला व्हरांड्यात बसायची परवानगी दिली, म्हणून चिमी दाराशी बसे. वाचन सुरू केलं की तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते न पोचते तोच घंटा होई. उरलेल्या वेळेत मी नुसतं "गप्प बसा" म्हणत असे, तेही माझ्या बारीक आवाजात.

एक दिवस चिमीने विचारलं, "बाई, माझा वाचायचा नंबर कवा येल?"

"येईल गं."

पण लाहूच आला. "बाई, नुसतं बसायचंच तर पोर घरी बसंल. गवताला एक हात वाढंल."

"चार दिवस थांब," मी म्हटलं. "तिला सकाळी शाळेआधी माझ्या खोलीवर पाठव."

पोथीचा अध्याय झाल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही, असा माझा नेम. पोथी मी चिमीपुढे ठेवली. जोडाक्षर आलं की ती अडे, मी थांबे. बाबल्या पायरीवर प्रसादाची साखर चाटत बसे. घरमालकीण आनंदीबाई आतून म्हणायच्या, "अहो, पाड्यावरच्या पोरीनं वाचून तुमचा नेम कसला पुरा व्हायचा? चहा गार झाला बघा!"

"मी ऐकतेय ना काकू. ऐकलेलंही पोचतं."

चिमी येत राहिली. आठवड्याने ती वर्गातल्या नवशीला हाताला धरून घेऊन आली.

"बाई, हिचा पण नंबर येत नाय."

मी सरकून जागा केली. दोघींनी आळीपाळीने वाचलं. अध्याय अर्धाही झाला नव्हता, तोच शाळेची घंटा ऐकू आली. पोथी झाकून, तशीच पाणी न पिता मी त्यांच्याबरोबर निघाले.