तीन तांबडे, तीन पांढरे

सान्ता एदुविखेस गावाला स्वतःची नगरसभा मिळाली तेव्हा लोकांनी तीन दिवस फटाके उडवले. चौथ्या दिवशी कळलं की सभेतल्या सहांपैकी तिघांना दोनच वर्षांत घरी जायचं आहे. कायदाच तसा होता. दर दोन वर्षांनी निम्मी सभा बदलायची आणि निम्मी राहायची, म्हणजे नव्यांना वाट दाखवायला कुणीतरी जुनं उरतं. पण पहिल्याच सभेत सगळेच नवे. मग दोन वर्षं कुणाला आणि चार कुणाला, हे नशिबावर सोडायचं. बिलियर्डचे सहा गोळे पिशवीत टाकायचे, तीन तांबडे आणि तीन पांढरे. तांबड्याला चार वर्षं, पांढऱ्याला दोन.

एर्मेलिंदा बास्सोला तांबडा हवा होता, आणि नुसती हौस म्हणून नव्हे. ती एकसष्ट वर्षांची होती. एकतीस वर्षं तिनं गावच्या शीतगृहात मांस कापलं, आणि कारखान्याला कुलूप लागलं तशी घरी बसली. तिचा नवरा तुलिओही तिथलाच. त्याच्या छातीचा भाता फाटला होता. नाकात नळी, बाजूला प्राणवायूचं नळकांडं, आणि आठवड्यातून तीनदा दवाखाना. दवाखाना त्यांच्या कामगार वस्तीतच होता, चार घरं सोडून, म्हणून तर माणूस टिकला होता. पण तिसऱ्या वर्षी गावातले दोन्ही दवाखाने सरकार नगरसभेच्या गळ्यात घालणार होतं, आणि गावाला पेलणार होता एकच. एक तर वस्तीतला राहणार, नाही तर चौकातला. चौक रुळांपलीकडे, आणि मालगाडी फाटकात येऊन उभी राहिली की तिला वाटेल तेव्हा हलायची.

एर्मेलिंदा ज्याच्या यादीतून निवडून आली होती तो सामुदिओ आइस्क्रीमचा दुकानदार. सोडतीच्या आदल्या दिवशी त्यानं तिला दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावलं. वयानं मोठ्या बाईला तिकडे मानानं 'दोन्या' म्हणतात.

"दोन्या एर्मे, दवाखान्यावर मत पडेल तेव्हा तुम्ही सभेत असलात, तर आम्ही सगळे तुमच्या वस्तीच्या बाजूनं. माझा शब्द."

"आणि पांढरा आला तर?"

"येऊ द्यायचाच कशाला?" असं म्हणत त्यानं फ्रीजरचं झाकण उचललं. डब्यांच्या मधे तीन तांबडे गोळे बसले होते, अंगावर बर्फाची पांढरी साय धरलेले. "एक माझा, एक आपल्या ढोरांच्या डॉक्टरचा, एक तुमचा. पिशवीत हात घालायचा, गार लागेल तो उचलायचा. शेंबड्या पोरालासुद्धा जमेल."

एर्मेलिंदानं मान डोलावली.

इथंच सगळा घोळ झाला, आणि तो समजायला शीतगृहात हात घालावा लागतो. त्या गारठ्यात वर्षानुवर्षं काम केलं की बोटं हळूहळू मरतात. दिसायला धडधाकट, सुरी पकडतात, वेणी घालतात, पण गरम-गार काही कळत नाही. दरवर्षी कारखान्याचा डॉक्टर यायचा आणि बोटांना सुई टोचायचा. लागत नाही म्हणालं की सुरीवरून काढून फरशी धुवायला लावायचे, आणि फरशीवरून घरी. म्हणून सगळ्याजणी तिरक्या डोळ्यानं सुईवर नजर ठेवायच्या आणि ती टेकली की "आई गं" म्हणायच्या. एर्मेलिंदानं एकतीस वेळा "आई गं" म्हटलं. पुढेपुढे तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. त्या खोलीत फ्रीजरपुढे उभी असताना तिला आपली बोटं आठवलीसुद्धा नाहीत. कुणी विचारलं, जमेल ना, की जमेल म्हणायचं, ही सवय हाडीमासी खिळलेली होती.

सोडत अग्निशामकांच्या क्लबात झाली. डिसेंबरातली, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यातली दुपार, वरचे पंखे गरम हवाच ढवळत होते. आधी सामुदिओ उठला. तांबडा. मग ढोरांचा डॉक्टर. तांबडा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसरी एर्मेलिंदा.

तिनं पिशवीत हात घातला. आत चार गोळे होते, चारही सारखेच गुळगुळीत. एकावर बोटं ठेवली, दुसऱ्यावर ठेवली, पुन्हा पहिल्यावर आली. मांसाच्या तुकड्यात शंभर ग्रॅमची चूक ती नुसत्या हातानं सांगायची, आणि आता याच हातात बर्फ असूनही तिला त्याचा पत्ता नव्हता.

"दोन्या, खरबुजं निवडत नाही आहोत आपण," चिटणीस म्हणाला आणि सभागृह हसलं.

गोळा गालाला लावून पाहता आला असता तर एका क्षणात कळलं असतं. पण ऐंशी माणसांपुढे? तिनं हाताला लागला तो काढला. पांढरा निघाला.

तिच्यामागून ओतिलिया इरिगारे आली. शाळेची हेडबाई, विरोधी पक्षातली, कडक इस्त्रीची. तिचा हात पिशवीत गेला आणि जरासा थबकला. तिनं एर्मेलिंदाकडे पाहिलं. मग हात बाहेर आला, तांबडा गोळा घेऊन. बाईनं रुमालानं बोटं पुसली.

सामुदिओनं एर्मेलिंदाला पायऱ्यांवर गाठलं.

"वा, दोन्या. काय मोठं मन. माझ्या फ्रीजरमधला गोळा उचलून विरोधकांच्या ताटात वाढलात."

"मला कळला नाही, सामुदिओ."

"रात्रभर बर्फात ठेवलेला गोळा कळला नाही? मी काय खुळा दिसतो तुम्हाला? साधूपणा करायचा होता तर आधी सांगायचं होतंत."

त्याच वेळी हात पुढे करून सांगायला हवं होतं, की बाबा, ही बोटं मेलेली आहेत, टोचून बघ. तिनं हात खिशात घातले. सांगायचं होतं तेवढंच, पण एकतीस वर्षं जे गिळलं ते असं पायऱ्यांवर उभ्या उभ्या बाहेर येत नाही.

घरी तुलिओनं सगळं ऐकून घेतलं.

"सांगायचंस की त्याला."

"तू कधी सांगितलंस कुणाला?"

"मी?" त्यानं आपले पंजे उलटसुलट करून पाहिले. "मी कशाला सांगतो."

पुढची दोन वर्षं सामुदिओ तिच्या नमस्काराला खिडकीबाहेर बघत राहिला. गार गोळ्यांची कुजबुज हळूहळू गावभर झाली, आणि त्या कुजबुजीबरोबर दुसरीही एक, की एर्मेलिंदानं गार गोळा हातात येऊनही सोडला. बेकरीत बायका तिला पुढे जाऊ द्यायला लागल्या. पाद्रीबुवांनी प्रवचनात नाव न घेता तिचा दाखला दिला. तिला खाली मान घालून ऐकावं लागलं. खोटं कौतुक पोटात घालणं किती जड जातं, हे तिला साठीनंतर कळलं.

मुदत संपत आली तेव्हा सामुदिओच्या यादीत तिचं नाव नव्हतं. विरोधकांची माणसं घरी आली, माते नावाचा कडू चहा प्यायली, एकच पेला सगळ्यांत फिरवला, आणि म्हणाली, "तुमच्यासारख्या सरळ बाईचे राजकारणात हाल होतात, दोन्या. आम्हाला ते बघवणार नाही." आणि तीही गेली. सभा निम्मी बदलली. बदललेल्या निम्म्यात ती होती.

तिसऱ्या वर्षी जुलैत, तिकडच्या ऐन थंडीत, दवाखान्याचा ठराव आला. तिनं तुलिओला कोट, मफलर, त्यावर घोंगडी असं गुंडाळलं, चाकाच्या खुर्चीत बसवलं, मागे नळकांडं बांधलं आणि फाटक ओलांडून सभेला नेलं. आपल्याला बघून तरी एखादं मत फिरेल, असं तिला वाटत होतं. ती दोघं लोकांच्या बाकांपाशी बसली.

चौक चार, वस्ती दोन. सामुदिओनं तिच्याकडे न बघता हात वर केला. ओतिलियाबाईंनी मात्र नीट कारण दिलं. चौकात बस थांबते, शाळा आहे, माणसं तिपटीनं जास्त. ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच एर्मेलिंदाला जास्त झोंबलं.

मत पडल्यावर बाई खाली बसल्या नाहीत.

"आज इथं एक बाई आलेली आहे. सोडतीच्या दिवशी तांबडे गोळे गार केलेले होते. मी अडीच वर्षं मूग गिळून बसले, माझं चुकलं. पण माझ्याआधी तिचा हात त्या गोळ्यावरून गेला होता आणि तिनं तो घेतला नाही. या सभेत तेवढं एकच प्रामाणिक माणूस होतं."

सामुदिओ छताकडे बघत होता. एर्मेलिंदा उठली. तिनं दोन्ही हात पुढे केले.

"सोडला नाही, बाई. मी तोच शोधत होते. माझ्या बोटांना गारठा कळत नाही, कारखान्यातल्या कुणाच्याच बोटांना कळत नाही. कळला असता तर तुमच्या हाती पडला नसता. आणि मी आत्ता तिथं बसले असते."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, दुसऱ्यानं वाजवली, आणि बघता बघता सभागृह उभं राहिलं.

"बघा," तिच्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली. "अजूनसुद्धा मोठेपणा घ्यायला तयार नाही."

परतताना फाटक पडलं होतं. मालगाडी रुळांवर उभी होती, धान्याचे डबे नजर पोचेल तिथपर्यंत. पलीकडे वस्तीतल्या दवाखान्याचा हिरवा दिवा दिसत होता. तो महिनाअखेर विझायचा होता. पाव तास गेला, अर्धा गेला. नळकांड्यावरचा काटा खाली यायला लागला होता. वारा रुळांवरून सरळ अंगावर येत होता.

"एर्मे," तुलिओ म्हणाला, "हात गार पडलेत का गं माझे? मला कळत नाही."

तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि दाबून धरले. तिलाही काही कळलं नाही. मग ती खाली वाकली आणि त्याची बोटं तिनं आपल्या गालाला लावली.

"नाही," ती म्हणाली. "ऊब आहे अजून."

तिनं घोंगडी वर ओढली, त्याचे हात आत घातले, आणि गाडी हलायची वाट बघत उभी राहिली.